तत्त्वज्ञान विभागाचा गणवेश

पत्र आलं तेव्हा पाक दर्सोनो, म्हणजे दर्सोनोसाहेब, दोन्ही हात पाठीमागे बांधून, दोरीला टांगलेला पापड खायच्या प्रयत्नात होते. सतरा ऑगस्टला, इथल्या स्वातंत्र्यदिनी, जावातल्या सोलो शहराच्या या विद्यापीठाच्या मैदानावर प्रत्येक विभागप्रमुखाने हा पापड खायचाच असतो. त्यातून कुलगुरूही सुटत नाहीत. मत्स्यविज्ञानाचे प्रमुख पाक सुगेंग दरवर्षी पहिले येत. माशांच्या सहवासात राहून तोंड उघडमीट करण्याची कला त्यांना साधली होती. तत्त्वज्ञानाचे दर्सोनो दरवर्षी शेवटचे. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हलत्या पापडाकडे बघून आधी विचार करावासा वाटतो, आणि पापड काही कोणाच्या विचारासाठी थांबत नाही.

विभागाचे कारकून पाक पोनिरान दोऱ्यांखालून वाकत आले आणि त्यांनी पत्र उघडून साहेबांच्या डोळ्यांसमोर धरलं.

"तातडीचं आहे म्हणून वर लिहिलंय, पाक. हात सुटेपर्यंत थांबू का?"

दर्सोनोंनी एक डोळा पापडावर आणि दुसरा पत्रावर ठेवून वाचलं. मान्यता मंडळाचे दोन परीक्षक जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात विभागाच्या तपासणीला येणार होते. गेल्या खेपेला विभागाला मिळालेल्या श्रेणीच्या खाली आता 'अमान्य' एवढी एकच पायरी उरली होती. या वेळी 'चांगला' हा शेरा मिळाला नाही तर विभाग बंद करून त्यातली माणसं पर्यटन व आदरातिथ्य विभागात सामावून घेतली जातील, असं डीनबाईंनी तळाला स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. त्याखाली 'शुभेच्छा' असंही होतं.

पापड त्या वर्षीही राहिला.

सामावून घ्यायला माणसं तरी किती होती? दर्सोनो तर्कशास्त्राचे. बू सुलास्त्री, म्हणजे सुलास्त्रीबाई, नीतिशास्त्राच्या. विभागाचं सगळं काम त्या करत आणि सगळं श्रेय न मागता दुसऱ्याला देत, त्यामुळे ते घेणाऱ्याला दिवसभर अपराधी वाटे. पाक तोगार पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे. हे मूळचे समुद्रापलीकडच्या मेडानचे, बताक जमातीचे. सोलोत येऊन त्यांना एकोणीस वर्षं झाली होती, जावाची भाषा ते घरच्यासारखी बोलत, फक्त आवाज मेडानचाच राहिला होता. ते वर्गात शिकवू लागले की शेजारच्या हिशेबशास्त्राच्या वर्गालाही अस्तित्ववाद समजत असे. आणि चौथे प्राध्यापक विग्न्यो, जावाच्या परंपरागत विचारांचे जाणकार, वय अडुसष्ट, निवृत्तीला दोन वर्षं. विभागात खराखुरा 'प्राध्यापक' हा हुद्दा असलेला माणूस एवढाच. विभागाचं अर्धं वजन त्यांच्या नावावर होतं आणि ते बहुतेक वेळ खुर्चीत झोपलेले असत. शिवाय कारकून पोनिरान. विद्यार्थी चारही वर्षांचे मिळून एकतीस.

पहिले तीन महिने अहवाल लिहिण्यात गेले. त्यातला पहिलाच प्रश्न असा होता: सन २०४५ पर्यंत आपला विभाग कोठे पोहोचलेला असेल?

"२०४५ साली मी कुठे पोहोचलेला असेन ते मला नक्की ठाऊक आहे," विग्न्यो म्हणाले. "विभागाचं तुम्ही बघा."

विभाग ही पोहोचू शकणारी वस्तू आहे का, यावर तीन आठवडे चर्चा झाली. मग 'कोठे' या शब्दावर आणखी एक. ऑक्टोबर उजाडला तेव्हा अहवालात प्रश्न तेवढा लिहून झाला होता. शेवटी पाक सुगेंगना दया आली आणि त्यांनी मत्स्यविज्ञानाचा, 'उत्कृष्ट' श्रेणी मिळालेला अहवाल उसना दिला. सुलास्त्रींनी त्यात जिथे जिथे 'मासे' होते तिथे 'विचार' घातले. अहवाल एकदम भरीव दिसू लागला. 'विभागात विचारांची पिल्लं सहा महिने वाढवून मग ती मोकळ्या पाण्यात सोडली जातात' हे वाक्य नजरचुकीने राहून गेलं, की मुद्दाम ठेवलं, ते सुलास्त्रींनी कधी सांगितलं नाही.

सुगेंगनी अहवालाबरोबर सल्लाही फुकट दिला होता.

"दर्सोनो, अहवाल कोण वाचतंय? परीक्षक गाडीतून उतरला की आधी गणवेश बघतो. मग खाऊचा डबा उघडून बघतो. मग वेळ उरला तर फाईल. तुमचा गणवेश कुठला?"

"आम्हाला गणवेश नाही."

सुगेंगनी दर्सोनोंच्या खांद्यावर असा हात ठेवला की दर्सोनोंना एकदम आजारी असल्यासारखं वाटलं.

डीनबाईंनीही तेच काढलं. "शेतकी विभाग हिरव्या बातिकमध्ये असतो, कायद्याचा विभाग लालमध्ये. आणि तुमची माणसं? गेल्या पदवीदानाला तुम्ही चौघे एका रांगेत उभे होतात, तर कुलगुरूंनी मला विचारलं, हे पालक कुठल्या गावचे?"

दर्सोनोंना हे लागलं. त्या दिवशी त्यांनी नवा शर्ट घातला होता.

तेव्हा बातिकच्या गणवेशासाठी विभागाची बैठक भरली. चहा आला, वाफवलेले शेंगदाणे आले, आणि दर्सोनोंनी विचारलं, "तर मग, कोणती नक्षी घ्यायची?"

"तुम्ही ठरवाल ती, पाक," सुलास्त्री म्हणाल्या.

"छे छे, मी कोण? प्राध्यापक विग्न्यो सांगतील ती."

"माझं काय," विग्न्यो म्हणाले, "तरुण लोकांना आवडेल ती."

तिथले तरुण म्हणजे बावन्न वर्षांचे दर्सोनो. सोलोच्या माणसाला आपली आवड सरळ सांगणं म्हणजे चारचौघांत बनियनवर येण्यासारखं वाटतं. मात्र नावड सांगायला तितकी हरकत नसते, ती आडून सांगता येते. तिरक्या पात्यांची नक्षी एके काळी फक्त राजघराण्याची होती, ती घातली तर डीनबाईंना काय वाटेल, असं सुलास्त्री म्हणाल्या. चार पाकळ्यांची नक्षी नाटकातले विदूषक नेसतात, हे विग्न्योंना आठवलं. चांदण्यांची नक्षी वधूचे आईबाप नेसतात. "आपण वधूपक्ष आहोत का?" सुलास्त्रींनी विचारलं, आणि आपण नेमके कोणत्या पक्षाचे यावर अर्धा तास गेला. अशा रीतीने दोन तासांत जावामधली सगळी बातिक बाद झाली.

"अहो, शर्टाला खिसा असला की झालं!" तोगार टेबलावर हात आपटून म्हणाले. विग्न्यो जागे झाले. "तुम्ही नुसते लाजत बसा. मी जातो बाजारात, मी आणतो."

आणि तिघांनी एकदम, मनापासून, सुटल्यासारखी मान डोलावली. एकोणीस वर्षांत जावाच्या एखाद्या गोष्टीचा निर्णय या मंडळींनी तोगारांवर सोपवला असं पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी हळूच घसा साफ केला आणि नेहमीपेक्षा निम्म्या आवाजात म्हटलं, "नीट बघून आणतो."

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी ते गठ्ठा घेऊन आले आणि सगळ्यांसमोर टेबलावर त्यांनी तो उलगडला.

काळपट तपकिरी कापड, त्यावर पांढरे-काळे त्रिकोण, एकाला एक टेकलेले, काठापासून काठापर्यंत.

हे कापड दर्सोनोंना ओळखीचं होतं. वडील गेले तेव्हा त्यांच्या अंगावर घातलं होतं ते हेच, आणि भेटायला आलेली वडीलधारी माणसं नेसून आली होती तेही हेच. स्लोबोग. सोलोतल्या जुन्या घरांतून ही घडी कपाटाच्या तळाशी असते आणि कोणी गेल्याशिवाय ती वर येत नाही.

"बघा," तोगार म्हणाले. त्यांचा चेहरा पोराच्या बारशाला उभ्या असलेल्या बापासारखा झाला होता. "बाजारात चार तास हिंडलो. मग हे दिसलं आणि म्हटलं, बास. त्रिकोण! दोन विधानं आणि एक निष्कर्ष. पाक दर्सोनो, मी तुमचं तर्कशास्त्र डोळ्यांसमोर ठेवून घेतलंय हे. आणि ती दुकानदारीण, काय बाई! विचारते, किती जणांसाठी? म्हटलं, सबंध विभागासाठी. सगळ्यांना? म्हटलं, सगळ्यांना, एकाच दिवशी लागणार. तर बाईच्या डोळ्यांत पाणी. घासाघीस नाही, काही नाही, वर एक जास्तीचा तुकडा बांधून दिला. म्हणाली, देव तुम्हाला बळ देवो. शिक्षकाबद्दल एवढा आदर मी मेडानमध्येसुद्धा पाहिला नाही!"

दर्सोनोंनी सुलास्त्रींकडे पाहिलं. सुलास्त्री दर्सोनोंकडे बघत होत्या. दोघांनी मग विग्न्योंकडे पाहिलं. विग्न्योंनी कापडाला हात लावला, बोटांनी पोत बघितला आणि म्हणाले, "कापड अस्सल आहे."

"आहे ना?" तोगार म्हणाले.

पोनिरान चहाचे कप न्यायला आले होते. आपल्या गल्लीतल्या मयताची आंघोळ, कफन, प्रार्थना, सगळं तेच बघत. त्यांनी कापड पाहिलं, कपांची थाळी टेबलावर परत ठेवली आणि अतिशय हळू आवाजात म्हटलं, "छान आहे, पाक. शांत वाटतं बघून."

त्या क्षणी कोणीतरी एक वाक्य बोलायला हवं होतं. पण ते कोणी बोलायचं? विग्न्यो वडील होते, ते बोलले असते तर तो दटावल्यासारखा प्रकार झाला असता. सुलास्त्री हुद्द्याने लहान, त्यांनी बोलणं उद्धटपणा. राहता राहिले विभागप्रमुख. आणि त्यांच्याच तर्कशास्त्राच्या सन्मानार्थ ते कापड आलेलं. दर्सोनोंनी मनात ठरवलं, आडून सुचवावं.

पुढचा महिनाभर ते आडून सुचवत होते.

"पाक तोगार, रंग जरा... गंभीर नाही वाटत?"

"गंभीरच पाहिजे! आपण काय पर्यटन विभाग आहोत?"

आठवड्याने पुन्हा. "आमच्या वडिलांच्या वेळी घरात असंच कापड होतं, पाक."

"काय सांगता!" तोगारांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "म्हणजे तुमच्या घराण्यातलंच निघालं!"

दर्सोनो विग्न्योंच्या घरीही जाऊन आले. तिथे तासभर त्यांच्या पिंजऱ्यातल्या पारव्याच्या प्रकृतीबद्दल बोलणं झालं आणि उठता उठता दर्सोनो म्हणाले, "त्या कापडाचं तोगारांना कोणी सांगितलं तर बरं होईल." विग्न्यो म्हणाले, "हो, कोणीतरी सांगायला पाहिजे." दोघांचं पूर्ण एकमत झालं.

तोवर कापड शिंप्याकडे गेलं होतं. शिंप्याने दर्सोनोंची छाती मोजली, दंड मोजला, आणि टेप गळ्यात टाकून विचारलं, "घरी सगळे बरे, पाक?"

"बरे आहेत."

"देवाची कृपा. आणि ऑफिसात?"

"ऑफिसात नेहमीचंच."

"हं," शिंपी म्हणाला. "आधी अंदाज असला की तयारी करता येते. शहाणपणाचं काम केलंत."

शेवटचा उपाय म्हणून दर्सोनोंनी ठरवलं की सुलास्त्रींशीच स्पष्ट बोलायचं. पण त्याच सकाळी अहवाल मंडळाकडे रवाना झाला होता. त्याची चारशे बारा पानं चाळताना एकशे सत्तराव्या पानावर त्यांना हे वाक्य सापडलं: 'विभागाचा गणवेश विभागप्रमुखांच्या मृत्यूविषयक चिंतनाशी सुसंगत असा निवडण्यात आला आहे.'

"बू सुलास्त्री, हे काय?"

"मला वाटलं, पाक, तत्त्वज्ञान म्हणजे मरणाची तयारी, असं काहीतरी तुमच्या मनात असणार. म्हणूनच तुम्ही त्या दिवशी गप्प राहिलात. मला तर ते फार आवडलं." आणि मग, "नव्हतं का तसं?"

दर्सोनो म्हणाले, "तसंच काहीसं." आता माघारी फिरायचं तर आपण खोटा अहवाल पाठवल्यासारखं झालं असतं.

तपासणीच्या दिवशी पहाटेपासून पाऊस लागला होता. सकाळी साडेसातला निरोप आला की प्राध्यापक विग्न्योंची अक्कलदाढ आदल्या दिवशी काढली आहे, गाल टोमॅटोसारखा फुगला आहे, येणं अशक्य. विभागातला एकमेव प्राध्यापक आणि नेमका तोच गैरहजर! सुलास्त्रींनी डोकं चालवलं. विग्न्योंची खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून त्यांनी तिच्या पाठीला त्यांचा नवा स्लोबोगचा शर्ट घातला. समोर टेबलावर त्यांचा चौकटीतला फोटो ठेवला, म्हणजे परीक्षकांना निदान चेहरा तरी दिसेल. टेबल ओकंबोकं वाटतं म्हणून पोनिराननी बागेतली मोगऱ्याची फुलं आणून फोटोपुढे बशीत ठेवली.

"आता भरल्यासारखं वाटतं," ते म्हणाले.

डीनबाई नऊला आल्या. दारात चार माणसांच्या आकाराचा शोक उभा असलेला बघून त्या थबकल्या. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. "पाक दर्सोनो... हे..."

"गणवेश, बू."

डीनबाई सोलोच्याच. "एकसारखा आहे," त्या म्हणाल्या आणि तडक आपल्या खोलीत जाऊन बसल्या.

परीक्षक दोघे. ज्येष्ठ होत्या प्राध्यापक कुस्मारीनी, सेमारांगच्या, तीस वर्षं लोकांचे विभाग तपासणाऱ्या. बरोबर मकास्सारचे एक तरुण डॉक्टर, डॉ. बासो. कुस्मारीनी गाडीतून हसत उतरल्या. पोर्चमध्ये सगळे रांगेत उभे होते. त्यांचं हसू तिथेच थिजलं. त्या मागे वळून डॉ. बासोंच्या कानात काहीतरी बोलल्या; त्यांनी चटकन आपला लाल टाय काढून खिशात घातला.

"अहो, कळवायचंत तरी," कुस्मारीनी दर्सोनोंचे दोन्ही हात हातांत घेऊन म्हणाल्या. "आम्ही तारीख पुढे ढकलली असती."

दर्सोनोंना कळलं. त्यांनी तोंड उघडलं. शेजारी, उजवीकडून तिसऱ्या जागी, तोगार उभे होते. कॉलर ताठ, पोट आत, जावाच्या मातीत एकोणीस वर्षांनी अखेर रुजलेला माणूस. दर्सोनोंच्या तोंडून निघालं, "आपण आलात, हेच खूप झालं."

आत जाताच कुस्मारीनींना खुर्ची दिसली. त्या फोटोजवळ गेल्या, आणि त्यांनी चष्मा काढला. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्या विग्न्योंच्या हाताखाली शिकल्या होत्या. तेव्हा विग्न्यो तेवीस वर्षांचे, नवेच रुजू झालेले. कुस्मारीनींनी सगळ्यांना एक मिनिट शांत उभं राहायला सांगितलं. सगळे उभे राहिले. तोगार सगळ्यांत ताठ उभे होते. ही मंडळाची नवी पद्धत असावी असं त्यांना वाटलं.

पुढची तपासणी इतकी हळुवार झाली की दर्सोनोंना भीती वाटू लागली. अवघड प्रश्न एकही नाही. विचारांच्या पिल्लांच्या वाक्याखाली कुस्मारीनींनी पेन्सिलने रेघ मारली आणि समासात 'सुंदर' लिहिलं. खाऊच्या डब्यांना कोणी हात लावला नाही. दुपारी त्या विद्यार्थ्यांना भेटल्या. एकतीसपैकी अठ्ठावीस हजर होते, बाकीचे तिघे पावसात अडकले होते. "पोरांनो, धीर धरा," त्या म्हणाल्या. "जाणारं जातं. तुम्ही पुढे चालू ठेवा." विभाग बंद होणार ही बातमी आता पक्कीच झाली असं समजून शेवटच्या वर्षाची एक मुलगी रडू लागली, मग तिच्या शेजारची, आणि पाच मिनिटांत अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. डॉ. बासो बाहेर पडताना स्वतःचा रुमाल एका पोराला देऊन गेले.

संध्याकाळी गाडी गेली. तोगार म्हणाले, "बघा! एक प्रश्न धड विचारता आला नाही त्यांना. गणवेशाचा दबाव!"

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, टेम्पोतून फुलांचा फळा आला. असा फळा दारात उभा करण्याची पद्धत आहे. लग्नाचा असो की मयताचा, तो रस्त्यावरून वाचता आला पाहिजे. हा चार मीटर रुंद होता. पिवळ्या झेंडूवर जांभळ्या अक्षरांत: 'प्राध्यापक विग्न्यो यांच्या निधनाने तत्त्वज्ञान विभागावर कोसळलेल्या दुःखात मान्यता मंडळाचे परीक्षक सहभागी आहेत.' मान्यता मंडळाकडून फळा आला म्हटल्यावर इतर विभागांना मागे राहून कसं चालेल? दुपारपर्यंत कायद्याचा आला, शेतकीचा आला, हिशेबशास्त्राचा आला. मत्स्यविज्ञानाच्या फळ्यावर कोपऱ्यात कार्नेशनचा एक मासाही होता. पर्यटन विभागाने फळ्यावर 'सुस्वागतम्' लिहून तो आधीच तयार ठेवला होता, तो त्यांना घाईने बदलावा लागला.

साडेतीनला प्राध्यापक विग्न्यो आपल्या तासाला आले. सूज उतरली होती. त्यांनी सायकल लावली, हात पाठीमागे बांधून पहिल्या फळ्यापासून शेवटच्या फळ्यापर्यंत सगळं सावकाश वाचलं, आणि वर येऊन खुर्चीत बसले.

"कायदेवाल्यांनी माझी डॉक्टरेट लिहिली नाही," ते म्हणाले.

तोगार खिडकीत उभे होते. त्यांनी फळ्यांकडे बोट दाखवलं. "हे काय चाललंय? कोणी मला सांगेल का?"

सुलास्त्री फाईल चाळू लागल्या. पोनिरान झाडू घेऊन आधीच स्वच्छ असलेला कोपरा झाडू लागले. दर्सोनो उठले. आयुष्यभर ते मुलांना सांगत आले होते की एका विधानात एकच गोष्ट सांगावी आणि ती सांगून थांबावं. त्यांनी स्वतः तसं कधी केलं नव्हतं.

"पाक तोगार, तुम्ही आणलेलं कापड मयताचं आहे."

तोगार खिडकीपासून वळले.

"कधीपासून माहीत होतं?"

"डिसेंबरपासून. गठ्ठा उघडला तेव्हापासून."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

तोगार खाली बसले. त्यांचा आवाज जेव्हा आला तेव्हा तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला नाही. "एकोणीस वर्षं झाली मला इथं. मी बोललो की तुम्हाला लागतं हे मला माहीत आहे, म्हणून मी आपला हळू बोलायचा प्रयत्न करतो. आणि तुम्ही तिघे मिळून माझ्याशी एक वाक्य बोलू शकला नाहीत. दोन महिने!"

"तुम्ही इतके खूश होतात, पाक," दर्सोनो म्हणाले. "मला ते मोडवेना."

"अहो, मी मूर्ख दिसलो तरी चालतं मला," तोगार म्हणाले. "पाहुणा दिसलेलं नाही चालत."

शेवटी सुलास्त्रींनी फाईल मिटली. आता प्रश्न निराळाच होता, आणि तो त्यांच्या विषयातला होता. सेमारांगला खरं कळवलं, तर सहानुभूतीसाठी आपण शोकाचं नाटक केलं असं होणार आणि विभाग गेला. नाही कळवलं, तर विग्न्योंना मेलेलंच राहावं लागणार.

"निकाल कधी आहे?" विग्न्योंनी विचारलं.

"एप्रिलमध्ये."

"तोवर मी राहीन की. घरी कोणाला फरक पडायचा नाही, फक्त पारव्याला सांगून ठेवतो."

"नाही, पाक," सुलास्त्री म्हणाल्या. "हे सांगायलाच पाहिजे. विभाग राहो न राहो."

दर्सोनोंनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. त्यांनी कुस्मारीनींना सेमारांगच्या पावसाबद्दल विचारलं. मग गुडघ्यांबद्दल. मग नातवाबद्दल, आणि नातवाच्या शाळेबद्दल. सतरा मिनिटं झाली.

"मी फोन अशासाठी केला, बू, की त्या दिवशी आमच्याकडून, गणवेशाच्या बाबतीत, थोडंसं..."

"थोडंसं काय, पाक?"

"थोडंसं पारंपरिक झालं."

तोगारांनी हात लांब करून फोन उचलला. "बू, मी तोगार. उजवीकडून तिसरा. आमच्याकडे कोणी वारलेलं नाही. कापड मी आणलं, मला त्यातलं कळत नाही. ज्यांना कळतं त्यांना बोलता येत नाही. प्राध्यापक विग्न्यो इथं बसून शेंगदाणे खातायत. फसवायचं कोणाच्याही मनात नव्हतं. बास, एवढंच होतं."

पलीकडून कुस्मारीनी म्हणाल्या, "त्यांना द्या."

"कुस्मारीनी का गं?" विग्न्यो म्हणाले. "दाढ काढली होती. हो, आता बरं आहे. फुलं छान होती. अगं, तुझा प्रबंध आहे माझ्याकडे अजून. तिसरं प्रकरण कच्चंच आहे."

आपले गुरू हयात असल्याची प्राध्यापक कुस्मारीनींची त्यावर पूर्ण खात्री पटली. त्यांनी पुन्हा विभागप्रमुखांना मागितलं. आणि दर्सोनोंनी, त्या दिवशी दुसऱ्यांदा, सरळ विचारलं: "बू, आता आमचं काय होणार?"

"अहवाल सही-शिक्क्यानिशी जकार्ताला गेलाय, पाक. त्यात एक मिनिट शांतता पाळल्याची नोंद आहे. ती बदलायची तर प्राध्यापक हयात असल्याचा पुरावा तीन प्रतींत, आणि श्रद्धांजली मागे घेतल्याचा ठराव. अशा ठरावाचा नमुनाच मंडळाकडे नाही. आणि श्रेणी मी खुर्चीकडे बघून दिलेली नाही. तीस वर्षं मी विभाग तपासते. विभाग बंद होणार म्हणून रडणारी मुलं मी पहिल्यांदा पाहिली. ती कशासाठी रडत होती ते मला गाडीत बासोंनी सांगितलं. त्यांनी एकाला रुमाल देताना विचारलं होतं. बाकीचं एप्रिलमध्ये कळेल."

एप्रिलमध्ये कळलं. ईदच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पोनिरान पत्र घेऊन आले, आणि या वेळी दर्सोनोंचे हात मोकळे होते. श्रेणी: 'चांगला'. पाच वर्षांसाठी. तोगारांनी दिलेली आरोळी मत्स्यविज्ञानाच्या तळ्यापर्यंत ऐकू गेली, आणि त्या दिवशी कोणालाही ती लागली नाही.

खाली मात्र एक अट होती. 'दिवंगत प्राध्यापकांची जागा सहा महिन्यांच्या आत भरण्यात यावी, अन्यथा मान्यता रद्द समजावी.' अकरा वर्षं दर्सोनो एका नव्या जागेसाठी अर्ज करत होते आणि अकरा वर्षं ती नामंजूर होत होती. या पत्रावर ती चार दिवसांत मंजूर झाली. मंडळाच्या दप्तरी विग्न्यो वारले होते, विद्यापीठाच्या दप्तरी ते नियमित तास घेत होते. दोन्ही कार्यालयांचा आपसात पत्रव्यवहार नसल्याने अडचण अशी काही आली नाही.

ऑगस्टमध्ये मुलाखती झाल्या. निवड समितीवर विषयातला ज्येष्ठ तज्ज्ञ असावा लागतो, आणि सबंध विद्यापीठात तसा माणूस एकच होता. प्राध्यापक विग्न्यो मधल्या खुर्चीत बसले. दोन उमेदवार येऊन गेले. तिसरी एक मुलगी आली, नाव पालुपी, सोलोचीच, नुकतीच डॉक्टरेट झालेली. सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिने नीट, हळू आवाजात दिली. शेवटी दर्सोनो म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचं आहे का?"

"एकच, पाक. ही जागा रिकामी कशी झाली?"

दर्सोनोंनी सुलास्त्रींकडे पाहिलं. सुलास्त्रींनी छताकडे. मग दोघांनी तोगारांकडे पाहिलं, आणि तोगारांना कळलं की आता हे काम कायमचं आपलं आहे. ते मोठ्याने आणि समाधानाने म्हणाले, "हे वारले," आणि त्यांनी मधल्या खुर्चीकडे हात केला.

मुलीने विग्न्योंकडे पाहिलं. विग्न्यो शेंगदाणा सोलत होते. तिने हात जुळवले, मान लववली, आणि अगदी मनापासून म्हणाली, "फार वाईट झालं, पाक."

"आभारी आहे," विग्न्यो म्हणाले, आणि दर्सोनोंकडे वळून, "हिलाच घ्या."